समोरची हॅलोबाई

आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको. मला ही बाई आवडत नाही. तिने माझं काही वाकडं केलेलं नाही, हेच तर दुखणं आहे. केलं असतं तर चारचौघांत चार शब्द सुनावून मोकळा झालो असतो.

माझं दुकान फोन आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं. सतरा वर्षं झाली. पाटीवर ‘फोनचा डॉक्टर’ लिहिलंय, त्यामुळे गल्लीत मला सगळे डॉक्टरच म्हणतात. समोर लाँड्री. मधे रस्ता, दहा पावलांचा. सहा वर्षांपूर्वी लाँड्रीवाल्याने आपल्या काउंटरचा एक कोपरा या बाईला दिला आणि तेव्हापासून मला समोर बघायचं आणि जळायचं हे एक जास्तीचं काम लागलं.

तिला सगळे हॅलोबाई म्हणतात. माणूस पुढ्यात उभा असला तरी ती ‘हॅलो, बोला’ अशीच सुरुवात करते. वॉशिंग मशीन आणि मिक्सर बनवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रारीच्या फोनवर तिने एकोणीस वर्षं काढली. एका खोलीत चाळीस खुर्च्या, डोक्यावर हेडफोन. पलीकडे कुणीतरी किंचाळत असायचं की मशीनखालून पाणी वाहतंय, आणि हिला ना ते पाणी दिसायचं ना ते मशीन. पलीकडच्याचेच हात वापरून पलीकडचं यंत्र दुरुस्त करायचं. मग एका दुपारी साहेबांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं की उद्यापासून रेकॉर्ड केलेला आवाज बोलेल, ‘यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा’वाला. चाळीसच्या चाळीस जणी घरी. हेडफोनच्या पट्टीने तिच्या केसांत जी खोलगट रेघ पडलीये ती अजून आहे. आता ही सगळी माहिती मला कुणी दिली? माझ्याच गिऱ्हाइकांनी. माझ्याच स्टुलावर बसून, माझ्याकडून काच बदलून घेताना. दुसऱ्या कुणाचं कौतुक करायला माणसांना माझंच दुकान सापडतं!

तिची पद्धत ऐका. गिऱ्हाईक फोन पुढे करतं आणि ही हात मागे घेते. ‘हात तुमचा, तोंड माझं,’ म्हणते. मग तीन प्रश्न. काल चालत होता का? मधे काय झालं? आता काय दिसतंय, मोठ्याने वाचा. झालं हिचं शास्त्र.

पहिल्या आठवड्यात मी दारात उभा राहून मजा बघितली होती. एक निवृत्त पोस्टमन आले होते.

‘एरर येतेय,’ पोस्टमन म्हणाले.

‘काय लिहिलंय?’

‘वाचलं नाही. दिसली की बंद करतो.’

‘अहो, लोकांची पत्रं चाळीस वर्षं पोचवलीत, आणि स्वतःला आलेलं न वाचता टाकून देता? आणा परत.’

पोस्टमननी ओशाळं हसून परत आणलं, चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचलं. फोनमधली तारीख चार वर्षं मागे गेलेली होती, म्हणून एकही साइट उघडत नव्हती. मी असतो तर पाच सेकंदांचं काम. हिने वीस मिनिटं लावली. पण पोस्टमन गेले ते छाती फुगवून, आणि संध्याकाळपर्यंत बागेतल्या बाकावर आणखी दोघांच्या तारखा तपासून मोकळे झाले. आता मला सांगा, गिऱ्हाइकालाच कारागीर करून सोडायचं, हा काय धंदा झाला?

पण लोकांना तेच आवडलं. दातांच्या दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट रडकुंडीला येऊन आली, कॉम्प्युटरचा स्क्रीन उलटा झाला म्हणून. मान वाकडी करून काम करत होती बिचारी. ‘मधे काय झालं?’ विचारल्यावर तिला आठवलं की कीबोर्डवर जाडजूड फाइल ठेवली होती. पाववाल्याचा फोन चार्ज होईना. हिने त्याच्याकडूनच फोन बंद करवला आणि त्याच्याच हाताने, लाकडी काडीने, भोकातून वाटाण्याएवढा कापसाचा गोळा काढवला. त्याने तो गोळा आणून मला दाखवला. मला! ‘बघा डॉक्टर, तुम्ही चार्जर बदलायला सांगत होतात.’ अंगाचा नुसता तिळपापड झाला माझा.

न बोलणाऱ्याचं सोनं खपत नाही, बोलणाऱ्याची माती खपते म्हणतात, ते खोटं नाही. माझा हात सोन्याचा आहे हो. केसाएवढी तार मी श्वास न रोखता जोडतो. पण मला बडबड जमत नाही. फोन घ्यायचा, पाठ फिरवायची, दोन मिनिटांत काम करून परत द्यायचा. ‘काय झालं होतं?’ कुणी विचारलंच तर ‘झालं ना नीट? मग!’ सतरा वर्षं असंच चाललं होतं, आणि चांगलं चाललं होतं.

सगळ्यात संताप कशाचा यायचा सांगू? तिने काउंटरवर पुठ्ठ्याची पाटी लावली होती. ‘फोन-कॉम्प्युटर शिकवून मिळेल. काच, बॅटरी किंवा घाई असेल तर समोर जा.’ समोर म्हणजे माझ्याकडे. म्हणजे ही बाई मला गिऱ्हाईक पाठवत होती! दिवसाला तीन-चार तरी यायचे. शत्रूने असं वागलं की करायचं काय माणसाने? रात्री जेवताना बायकोला म्हणालो, तर ती म्हणते, ‘चांगली बाई आहे. मला व्हिडिओ कॉल तिनेच शिकवला.’ फोन दुरुस्त करणाऱ्याची बायको, आणि शिकायला गेली लाँड्रीत!

आता माझ्याबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. नव्या फोनवर कुणाचंही खातं उघडायचं असलं की ‘पासवर्ड विसरलात तर कुठल्या नंबरवर ओटीपीचा आकडा पाठवायचा?’ असं एक विचारणं येतं. तिथे त्या माणसाचा स्वतःचा दुसरा नंबर किंवा घरच्या कुणाचा टाकायचा असतो. मी माझा टाकायचो. म्हाताऱ्या माणसांना कुठे आठवतायत नंबर, आणि विसरले की येणार माझ्याकडेच, मग कशाला घोळ? सुरुवातीला खरंच सोय म्हणून केलं. मग सवय झाली. पुढे पुढे, खोटं कशाला बोलू, बरं वाटायला लागलं. निम्म्या गल्लीच्या किल्ल्या माझ्या खिशात होत्या.

आणि हॅलोबाई आल्यावर त्या किल्ल्या वाजायला लागल्या. तिच्या काउंटरवर कुणी पासवर्ड विसरला की आकडा यायचा माझ्या फोनवर. कुणाचा ते त्यात लिहिलेलं नसतं, पण मान वर केली की समोर दिसायचंच. काल माझ्याकडे आलेला आज तिकडे उभा. मग तो रस्ता ओलांडून यायचा. ‘डॉक्टर, आकडा आला का हो?’ मी मुद्दाम हातातलं काम संपवायचो, हात पुसायचो, चष्मा शोधायचो. मग सांगायचो. आकडा दहा मिनिटांत शिळा होतो, नवा मागवावा लागतो, मला ठाऊक होतं. तेवढीच मजा. हॅलोबाईने एकदा लांबूनच हात जोडून म्हटलं होतं, ‘डॉक्टर, लोकांचे नंबर लोकांकडे द्या ना!’ मी ऐकू आलं नाही असं दाखवलं.

आता ताईचं सांगतो. माझी थोरली बहीण, दोन गल्ल्या सोडून राहते. शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांना पुठ्ठे घालायचं काम करते. तिची मुलगी, माझी भाची, हुशार. नर्सिंगच्या कोर्सला तिचं नाव पहिल्या यादीत लागलं नाही, दुसऱ्या यादीकडे सगळ्यांचे डोळे लागले होते. फॉर्म मीच भरला होता, माझ्या कॉम्प्युटरवर, ताईच्या ईमेल खात्यातून. पासवर्ड मीच ठेवलेला. नंबर अर्थातच माझा.

पंधरा दिवसांपूर्वी ताई दुकानात आली होती. ‘अरे, फोनमध्ये जागा नाही म्हणतोय. काय काढू?’ दुकानात चार माणसं होती. मी म्हणालो, ‘सुप्रभातची चित्रं काढ. किती वेळा सांगायचं तुला? अक्कल काय समोर लाँड्रीत धुवायला टाकलीयेस का?’ चौघं हसली. ताईही हसली. तिने फोन पिशवीत टाकला, ‘करते रे’ म्हणाली आणि गेली. माझ्या लक्षातही राहिलं नाही. आता विचाराल तर प्रत्येक शब्द आठवतो.

मग तो दिवस आला. दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी फोन थरथरला. आकडा. मान वर केली तर लाँड्रीच्या काउंटरपाशी ताईची निळ्या काठाची पिशवी. तिच्या हातात फोन आणि समोर हॅलोबाई, नेहमीसारखे हात मागे बांधून.

माझी सख्खी बहीण! लहानपणी मला ताप आला की रात्रभर उशाशी बसणारी. जग तिकडे गेलं ते गेलं, पण ही? माझ्या दारावरून चालत जाऊन, मान वळवूनही न बघता? नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, बरं. लागेल तेव्हा येईलच इकडे. मी फोन पालथा घातला आणि एका टॅबलेटची बॅटरी काढायला बसलो.

चार वीसला पुन्हा थरथरला. चार सत्तावीसला पुन्हा. मी हात लावला नाही. मनात म्हटलं, बघू या तुमचं शास्त्र. तोंड तिचं, हात ताईचा, पण आकडा माझ्याकडे!

मला तेव्हा माहीत नव्हतं की दुसरी यादी आदल्या दिवशी लागली होती आणि भाचीचं नाव तिच्यात होतं. त्या दिवशी पाच वाजेपर्यंत ईमेलमधली लिंक उघडून ‘जागा मान्य’ कळवायचं होतं, नाहीतर जागा पुढच्या मुलीला. भाची कामावर होती, तिथे फोन कपाटात ठेवून कुलूप लावतात. आणि ताईने फोनमध्ये जागा करायच्या नादात ते खातंच फोनमधून काढून टाकलं होतं. मला माहीत नव्हतं हे खरं. पण माहीत करून घ्यायला दहा पावलं चालावी लागली असती, आणि मी नाही चाललो, हेही खरं.

समोर हॅलोबाईने विचारलं असणार, नंबरचे कुठले आकडे दिसतायत, वाचा. शेवटचे दोन तेवढे दिसतात. ताईने ओळखले. काखेत कळसा आणि गावाला वळसा! दोघी रस्ता ओलांडून आल्या.

‘डॉक्टर,’ हॅलोबाई म्हणाली, ‘तीनदा आकडा मागवला. तुमच्याकडे आला का?’

मी टॅबलेटमधून मान वर न काढता म्हणालो, ‘नाही बुवा. सकाळपासून रेंजच नाही.’

का बोललो? सुचलं म्हणून. ताई तिच्या शेजारी उभी होती म्हणून. एवढं एक वाक्य, आणि ते तोंडातून निघेपर्यंत ताईने, शिकवल्याप्रमाणे, स्वतःच्या बोटाने ‘पुन्हा पाठवा’ दाबलं होतं.

काउंटरवर माझा फोन थरथरत सरकला. मी हात पुढे करायच्या आत ताईने तो उचलून उलटा केला. आणि तिने काय करावं? सहा वर्षं समोर जे चाललं होतं तेच केलं. मोठ्याने वाचलं.

‘चार बारा. चार वीस. चार सत्तावीस. चार छत्तीस.’ एकाखाली एक चारही होते. ‘चार आकडे आलेत रे.’

हॅलोबाईने माझ्याकडे बघितलं नाही, घड्याळाकडे बघितलं. ‘शेवटचा घाला, ताई. लवकर.’ ताईने घातला. स्क्रीनवर जे आलं तेही तिने वाचलं, पण आवाज पडला होता. ‘फार वेळा मागणी झाली. चोवीस तासांनंतर प्रयत्न करा.’

मग तिने पाच वाजताचं सांगितलं. मी खुर्चीवरून उठलो, तिचा फोन हिसकलाच म्हणा ना. मला येत होतं ते सगळं केलं. दुसऱ्या वाटेने, कॉम्प्युटरवरून, जुन्या पासवर्डने. सोन्याचे हात, पण उपयोग शून्य. कुलूप लागलेलं खातं काही उघडेना. पावणेपाच झाले. ताई स्टुलावर बसली. रडली असती तर बरं झालं असतं. पिशवीचे बंद पिळत नुसती बसली होती.

‘डॉक्टर,’ हॅलोबाई म्हणाली, ‘फॉर्म तुम्ही भरलात ना? त्यावर कॉलेजच्या ऑफिसचा नंबर असेल.’

होता. मला इतका वेळ तो सुचला नव्हता. सतरा वर्षं फोन दुरुस्त करतोय, पण फोनवरून माणसाला फोन लावावा हे डोक्यातच आलं नाही. तिने लावला. सहा मिनिटं नुसतं संगीत वाजत होतं. मी घड्याळ बघत होतो, ती शांत. तिला काय, तिने उलट्या बाजूने एकोणीस वर्षं ऐकलेलं ते.

‘हॅलो,’ ती म्हणाली. ‘दिवसभर लोक ओरडलेच असतील तुमच्यावर. मी ओरडणार नाही. अर्ज क्रमांक सांगू?’ पलीकडचा क्लार्क म्हणाला, आम्ही इथून काही करू शकत नाही, लिंकवरूनच कळवा. ‘बरं. पण त्या मुलीचं नाव उघडलंय ना तुम्ही? आता काय दिसतंय, जरा वाचून दाखवता?’

तो वाचायला लागला. कंटाळत, पुटपुटत. नाव, गुण, यादी क्रमांक, ‘मान्यता बाकी’. ‘त्याच्या खाली?’ तिने विचारलं. खाली काही नाही, म्हणाला. ‘उजवीकडे?’ मग तो थांबला. फोन मोठ्या आवाजावर होता, आम्ही तिघांनीही ऐकलं. ‘अरे, इथे बटण आहे की. कार्यालयातून मान्यता.’

‘पालक इथेच बसल्यात,’ हॅलोबाई म्हणाली. ‘जन्मतारीख विचारा, खात्री करून घ्या. उद्या सहीचं पत्र घेऊन येतील.’ ताईने जन्मतारीख सांगितली. चार वाजून त्रेपन्न मिनिटांनी त्या माणसाने, मी ज्याला कधी बघितलं नाही त्याने, त्याच्या बोटाने बटण दाबलं. भाचीला जागा मिळाली.

ताईने हॅलोबाईचे दोन्ही हात धरले. माझ्याकडे बघून ‘चल, निघते’ म्हणाली. एवढंच.

तुम्हाला वाटेल मी तेव्हा सुधारलो. कसला! जळत होतो. माझ्याच दुकानात, माझ्याच कॉम्प्युटरवरच्या फॉर्मवरून नंबर काढून, माझ्याच बहिणीचं काम ती करून गेली होती. शरमेने मेल्यासारखं झालं होतं आणि त्यातही जळत होतो, दोन्ही एकाच वेळी होतं माणसाला. दुसऱ्या दिवशी दिवसभर मी वाट बघितली की आता गल्लीभर होणार. पाववाला टोमणा मारेल, पोस्टमन तोंड फिरवतील. कुणी काही बोललं नाही. तिने कुणाला सांगितलंच नव्हतं. पाटीवर ‘घाई असेल तर समोर जा’ तसंच होतं, आणि लोक येतच होते. सांगितलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताई आली. दुकानात कुणी नव्हतं. खातं उघडायची वेळ झाली होती. तिने आकडा मागवला, माझ्या फोनवर आला, मी लगेच वाचून दाखवला, दोनदा. खातं उघडलं. मला वाटलं, झालं. पण ती स्टुलावरून उठेना. फोन डोळ्यांजवळ धरून एकेक ओळ वाचत खाली सरकत होती. कुठे जायचं ते तिला कुणीतरी नीट सांगून पाठवलं होतं. नंबर बदलायच्या ठिकाणी आली तेव्हा मी सवयीने हात पुढे केला.

‘दे, मी करतो.’

तिने फोन जरासा बाजूला घेतला. चिडून नाही. ‘जमतंय मला.’

मुलीचा नंबर तिने एकेक आकडा मोठ्याने म्हणत दाबला. खाली माझा नंबर अजून होता, शेजारी काढून टाकायची खूण. तिचं बोट तिथे थांबलं.

‘माझाही राहू दे की,’ मी म्हणालो. ‘दुसरा म्हणून. कधी लागला तर.’

ताईने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. लहानपणी तापात बघायची तसंच, काळजीने.

‘परवा लागला तेव्हा होताच की रे,’ ती म्हणाली, आणि तिने खूण दाबली.